पुन्हा बाजारात आलेल्या जुन्या रिमोट बग्ग्या : कोणते किट निवडावे? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

विदर्भातील गावांत आणि तालुक्याच्या ठिकाणी राहणाऱ्या, सुट्या भागांतून रिमोटवर चालणारी लहान बग्गी, म्हणजे मोकळ्या मैदानात पळणारी गाडी, हाताने जोडण्याची आवड असणाऱ्या आणि बराच विचार करून, पैसे साठवून एकच किट मागवणाऱ्या वाचकांसाठी ही प्रश्नोत्तरे लिहिली आहेत. किट निवडताना पहिला विचार आपल्याकडच्या जमिनीचा करावा, दुसरा सुट्या भागांचा, आणि खोक्यावरच्या सुंदर चित्राचा विचार त्यानंतर करावा, असे माझे ठाम मत आहे. खालची बहुतेक उत्तरे याच मताला धरून आहेत.

पुन्हा काढलेले किट म्हणजे जुना, पडून राहिलेला माल असतो का?

नाही. जपानमधील शिझुओका येथील टामिया या कंपनीने 1979 पासून पुढे दहा-बारा वर्षांत ज्या बग्ग्या काढल्या, त्यांतील निवडक गाड्यांचे उत्पादन तिने 2000 नंतर नव्याने सुरू केले. म्हणजे आराखडा जुना आणि प्लास्टिक, रबर, स्क्रू सगळे नवे. खोक्यावरचे चित्र जवळजवळ तेच असल्यामुळे गोंधळ होतो, म्हणून क्रमांक बघून घ्यावा. 1984 च्या मूळ हॉर्नेट या बग्गीचा क्रमांक 58045 आहे आणि 2004 मध्ये पुन्हा आलेल्या हॉर्नेटचा 58336. ग्रासहॉपरचे क्रमांक 58043 आणि 58346, फ्रॉगचे 58041 आणि 58354, तर हॉटशॉटचे 58047 आणि 58391 आहेत. चाळीस वर्षांपूर्वीचे न उघडलेले मूळ खोके संग्राहकांसाठी मोलाचे असले, तरी त्यातील रबर कडक झालेले आणि स्टिकरचा गोंद सुकलेला असू शकतो. ज्याला गाडी मातीत चालवायची आहे, त्याने नवेच किट घ्यावे.

नव्या किटमध्ये काही बदल केलेले असतात का?

काही असतात, आणि ते बहुतांशी चांगल्यासाठी आहेत. जुन्या गाड्यांत वेग कमी-जास्त करण्यासाठी सर्वोने, म्हणजे रेडिओच्या इशाऱ्यावर हलणाऱ्या लहान मोटरने, फिरणारा यांत्रिक स्पीड कंट्रोलर असे. त्याचा रेझिस्टर तापत असे आणि धुळीने त्याचे संपर्कबिंदू खराब होत असत. आता त्या जागी इलेक्ट्रॉनिक स्पीड कंट्रोलर लावला जातो. फ्रॉगच्या मागच्या चाकांना ताकद देणारे षटकोनी टोकांचे दांडे झिजून निसटत असत, ती रचनाही नव्या फ्रॉगमध्ये सुधारली आहे. परवान्याच्या कारणाने काही स्टिकरांवरची व्यापारी नावे बदलली आहेत आणि काही गाड्यांचे नावच बदलले आहे. फॉक्स ही नोव्हाफॉक्स म्हणून परत आली, आणि रफ रायडर तिच्या जपानी नावाने, म्हणजे बग्गी चँप म्हणून आली.

आमच्या गावात गुळगुळीत ट्रॅक नाही. अशा ठिकाणी कोणती गाडी चालेल?

ट्रॅक नसणे ही अडचण मानू नये, कारण या गाड्या मुळात मोकळ्या मैदानासाठीच आखलेल्या आहेत. मात्र आपल्याकडे एकाच गावात तीन-चार तऱ्हेच्या जमिनी भेटतात आणि प्रत्येक जमीन गाडीकडून वेगळे काही मागते.

शाळेचे किंवा ग्रामपंचायतीसमोरचे मुरमाचे दाबलेले मैदान ही सर्वांत चांगली जागा होय. तिथे कोणतीही गाडी चालते आणि टू-व्हील ड्राइव्ह, म्हणजे फक्त मागच्या चाकांना ताकद असलेल्या, गाडीचे मागचे चाक हलकेच घसरवत वळण घेण्यातला आनंद पुरेपूर मिळतो. पांदण रस्त्यावर बैलगाडीच्या आणि ट्रॅक्टरच्या चाकोऱ्या वाळून टणक झालेल्या असतात. तिथे गाडीचे पोट उंच हवे आणि खालचा भाग सपाट, बंद हवा, नाहीतर मधल्या उंचवट्यावर गाडी टेकून चाके हवेतच फिरतात. काळ्या कापसाच्या जमिनीला उन्हाळ्यात भेगा पडतात. त्या भेगेत बग्गीचे पुढचे अरुंद चाक सहज अडकते आणि वेगात असताना अडकले तर पुढचा आर्म, म्हणजे चाक धरणारा दांडा, तुटतो. म्हणून अशा वावरात गाडी सोडण्यापूर्वी एकदा पायी फिरून वखरलेला, भुसभुशीत पट्टा निवडावा. चौथी जागा नदीकाठची वाळू, तिच्याबद्दल पुढे वेगळे लिहिले आहे.

या सगळ्यांचा विचार करता पहिल्या किटसाठी मी हॉर्नेट सुचवतो. तिची चेसिस, म्हणजे गाडीचा खालचा मुख्य भाग, हा एबीएस या टणक प्लास्टिकचा एकसंध, खोलगट टब आहे. खालून तो सपाट असल्यामुळे खडा लागला तरी गाडी घसरून पुढे जाते, आणि बॅटरी व इलेक्ट्रॉनिक भाग टबाच्या आत राहिल्यामुळे माती थेट त्यांच्यावर उडत नाही. सुटे भाग थोडे असल्याने त्या गाडीत बिघडण्यासारखेही थोडेच आहे.

ग्रासहॉपर आणि हॉर्नेट सारख्याच दिसतात. मग स्वस्त असलेली ग्रासहॉपर का घेऊ नये?

अवश्य घ्यावी, पण फरक समजून घ्यावा. दोन्हींचा टब एकाच घराण्यातला आहे आणि दोन्हींत मागचा गिअरबॉक्स व धुरी हा एकच जोड आहे, जो संपूर्णपणे वर-खाली होतो. त्यामुळे एका बाजूचे चाक उचलले की दुसरी बाजूही हलते आणि खडबडीत जागी गाडी उड्या मारत जाते. हा या दोन्ही गाड्यांचा स्वभाव आहे.

फरक तीन ठिकाणी आहे. ग्रासहॉपरला 380 आकाराची लहान मोटर येते आणि हॉर्नेटला 540 आकाराची, त्यामुळे हॉर्नेट स्पष्टपणे अधिक वेगवान आहे. हॉर्नेटच्या मागे तेल भरलेले डँपर, म्हणजे धक्के शोषणाऱ्या नळ्या, आहेत, ग्रासहॉपरला ते नाहीत, त्यामुळे तिची उडी लवकर शांत होत नाही. तिसरा फरक बॉडीचा. ग्रासहॉपरची बॉडी पांढऱ्या एबीएस प्लास्टिकची असते, रंग न देता नुसते स्टिकर लावले तरी ती शोभून दिसते. हॉर्नेटची बॉडी पारदर्शक पॉलिकार्बोनेटची असते, ती कापावी लागते आणि आतून रंगवावी लागते.

दहा-बारा वर्षांच्या मुलासोबत बसून जोडायची असेल आणि चालवणारा तोच असेल, तर ग्रासहॉपर अधिक योग्य आहे. तिचा कमी वेग हा तिथे गुण ठरतो, कारण गाडी नजरेबाहेर जात नाही आणि आपटली तरी फारसे तुटत नाही. पुढे वेग हवासा वाटला तर तिला 540 मोटर बसवण्याची रीत जुनी आणि रुळलेली आहे.

फ्रॉग घ्यावी का?

1983 ची ही गाडी चालवायला हॉर्नेटपेक्षा सरस आहे. तिची मागची दोन्ही चाके स्वतंत्रपणे वर-खाली होतात, म्हणून चाकोरीच्या रस्त्यावर ती जमीन धरून चालते. तिची चेसिस मात्र बंद टब नसून सांगाड्यासारखी आहे आणि आत धूळ अधिक शिरते. मुरमाच्या मैदानावर चालवणाऱ्याने फ्रॉग निःशंक घ्यावी, काळ्या मातीच्या धुळीत चालवणाऱ्याने प्रत्येक वेळी साफसफाईची तयारी ठेवावी.

चारही चाकांना ताकद असलेली गाडी शेतात अधिक चांगली चालणार नाही का?

चालते. भुसभुशीत जमिनीत आणि चढावर फोर-व्हील ड्राइव्ह गाडीचा फायदा दिसून येतो. हॉटशॉट ही टामियाची पहिली फोर-व्हील ड्राइव्ह बग्गी 1985 मध्ये आली आणि 2007 मध्ये तिचे उत्पादन पुन्हा सुरू झाले. मोटरची ताकद पुढच्या चाकांपर्यंत नेणारा दांडा तिच्यात बंदिस्त आहे, त्यामुळे धुळीपासून त्याचे रक्षण होते. पुढे एक आणि मागे एक असे एकेकच डँपर असलेली तिची लाल मूर्ती ज्याने लहानपणी मासिकात पाहिली असेल, त्याला ती विसरता येणार नाही.

तरीही पहिले किट म्हणून मी ती सुचवत नाही, आणि याचे कारण तिच्या देखभालीत आहे. पुढच्या गिअरबॉक्सपर्यंत पोहोचायचे तर सस्पेन्शन आणि स्टिअरिंगचा बराच भाग उतरवावा लागतो. जोडताना एखादा गिअर नीट बसला नसेल तर ते चालवताना कळते आणि मग अर्धी गाडी पुन्हा उकलावी लागते. ज्याने आधी एखादी साधी बग्गी पूर्ण जोडून, चालवून, उकलून पुन्हा जोडली आहे, त्याला मात्र हॉटशॉट जोडण्यात मोठे समाधान मिळेल. याच जातीची, पण अधिक सोपी केलेली बूमरँग ही 1986 ची गाडीही पुन्हा निघाली आहे, आणि ज्यांना फोर-व्हील ड्राइव्हच हवी आहे त्यांनी तिचा विचार आधी करावा.

1988 ची अवांते ही गाडी 2011 मध्ये पुन्हा आली. ती अतिशय देखणी, गुंतागुंतीची आणि महाग आहे. ती जोडावी, न्याहाळावी आणि जपून चालवावी. भेगाळलेल्या वावरात ती सोडू नये.

नदीच्या वाळूत चालवण्यासाठी सँड स्कॉर्चर योग्य आहे का?

या प्रश्नावर मी थोडे सविस्तर लिहितो, कारण वर्धा, पैनगंगा, वैनगंगा या नद्यांच्या काठच्या वाचकांकडून तो हमखास येतो आणि नावात वाळू असल्यामुळे निवड झाल्यासारखीच वाटते.

1979 मध्ये आलेली आणि 2010 मध्ये 58452 या क्रमांकाने पुन्हा निघालेली सँड स्कॉर्चर ही फोक्सवॅगन बीटलच्या वाळवंटी शर्यतीच्या रूपाची प्रतिकृती आहे. तिच्या पुढच्या सस्पेन्शनची रचनासुद्धा खऱ्या बीटलसारखी, ट्रेलिंग आर्मची, म्हणजे मागच्या टोकाला चाक धरणाऱ्या दांड्यांची आहे. अनेक भाग ओतीव धातूचे आहेत. ते हातात घेतले की थंड आणि जड लागतात, त्यांच्या कडा कानशीने हलक्या घासून साफ कराव्या लागतात आणि धातूत धातू बसवताना स्क्रूची आटी जपून धरावी लागते. रिसीव्हर आणि सर्वो एका पारदर्शक, पाणी रोखणाऱ्या पेटीत बंद होतात. जोडणीचा अनुभव म्हणून या सगळ्या किटांत मी तिला पहिले स्थान देतो.

चालवण्याचा प्रश्न वेगळा आहे. धातूमुळे गाडी जड आहे आणि साध्या 540 मोटरवर कोरड्या, खोल वाळूत तिची दमछाक होते. पाण्यालगतची ओलसर, दबलेली वाळू तिला मानवते. वाळूचे कण आर्मच्या सांध्यांत शिरले की धातू धातूवर घासतो, म्हणून प्रत्येक खेपेनंतर सांधे ब्रशने झाडून घ्यावे लागतात. याशिवाय तिची कठीण प्लास्टिकची बॉडी उलटल्यावर तडकते, आणि बीटलची ती रंगवलेली बॉडी तडकलेली पाहणे कोणालाही जड जाईल. वाळूत मनसोक्त पळवायची असेल तर हॉर्नेटच बरी. एखादी गोष्ट नीट, सावकाश, महिनाभर बसून घडवायची असेल तर सँड स्कॉर्चर घ्यावी.

टामियाशिवाय इतर कंपन्यांची किटे कशी आहेत?

उत्तम आहेत. जपानच्या क्योशो कंपनीची 1982 ची स्कॉर्पियन 2014 मध्ये आणि 1985 ची ऑप्टिमा 2016 मध्ये पुन्हा आली. अमेरिकेतील टीम असोसिएटेडची आरसी10 ही 1984 ची, सोनेरी ॲल्युमिनियमच्या टबाची गाडी 2013 मध्ये क्लासिक म्हणून काढली गेली. या गाड्या शर्यतीच्या परंपरेतल्या आहेत. आपल्याकडची अडचण सुट्या भागांची आहे. ऑप्टिमाची साखळी किंवा आरसी10 चा आर्म तुटला तर परदेशातून भाग येईपर्यंत गाडी फळीवर राहते.

सुटे भाग मिळण्यात टामियाच्या गाड्या खरोखर पुढे आहेत का?

हो, आणि त्याचे एक कारण असे की एकच रचना तिने अनेक गाड्यांत वापरली आहे. ग्रासहॉपर-हॉर्नेटच्या गिअरबॉक्सचे नाते लंच बॉक्स या मोठ्या चाकांच्या व्हॅनशी आहे आणि फ्रॉगचे नाते ब्लॅकफूट व मॉन्स्टर बीटल या टामियाच्याच गाड्यांशी आहे. त्यामुळे एका गाडीचा भाग संपला तरी दुसऱ्या गाडीच्या नावाने तो सापडतो. किट मागवतानाच पुढच्या आर्मची एक जोडी, पुढचा बंपर आणि एक जादा पिनियन, म्हणजे मोटरवरचा लहान गिअर, मागवून ठेवावा. पहिल्या उन्हाळ्यात हेच लागते.

किटच्या खोक्यात सगळे येते का?

येत नाही. टू-चॅनल रेडिओ म्हणजे ट्रान्समीटर आणि रिसीव्हर, स्टिअरिंगसाठी एक स्टँडर्ड आकाराचा सर्वो, बॅटरी, चार्जर आणि रंग हे वेगळे घ्यावे लागतात. स्पीड कंट्रोलर काही किटांत येतो आणि काहींत येत नाही, म्हणून विक्रेत्याला आधी लेखी विचारून घ्यावे. हा सगळा खर्च अनेकदा किटच्या किमतीच्या जवळ जातो, तेव्हा अंदाजपत्रक पूर्ण गाडीचे करावे.

परदेशातून मागवावे की भारतातील विक्रेत्याकडून?

भारतातील विक्रेत्याकडून, जरी छापील किंमत अधिक दिसली तरी. खेळण्यांवरचे मूळ सीमाशुल्क 2020 मध्ये 20 टक्क्यांवरून 60 टक्के आणि 2023 मध्ये 70 टक्के झाले. शिवाय 1 जानेवारी 2021 पासून खेळण्यांसाठी भारतीय मानक ब्युरोच्या गुणवत्ता चिन्हाची अट लागू आहे. बिनतारी ट्रान्समीटर आणि लिथियम बॅटरी यांच्या आयातीचे व विमानवाहतुकीचे नियम वेगळेच आहेत, तसेच स्प्रे रंगाचे दाबयुक्त डबेही विमानाने सहज येत नाहीत. पार्सल अडकले तर खेड्यात बसून मुंबईच्या सीमाशुल्क कार्यालयाशी पत्रव्यवहार करणे दुरापास्त होते. विक्रेत्याला पत्ता देताना पिनकोडसोबत तालुक्याच्या गावातील एखाद्या ओळखीच्या दुकानाचा पत्ता देणे सोयीचे पडते, कारण अनेक कुरिअर त्यापुढे येत नाहीत.

बॅटरी कोणती घ्यावी? आमच्याकडे मे महिन्यात पारा 45 च्या वर जातो.

सुरुवातीला 7.2 व्होल्टची, सहा सेलची निकेल मेटल हायड्राइड बॅटरी घ्यावी. ती थोडी जड आहे, पण हाताळणीतील चूक सहन करते. दोन सेलची लिपो, म्हणजे लिथियम पॉलिमर बॅटरी, 7.4 व्होल्टची असते, हलकी आणि जोरकस असते, पण तिचा कोणताही सेल 3 व्होल्टच्या खाली गेला तर ती कायमची बिघडते. टामियाच्या अनेक किटांत येणाऱ्या टीबीएलई-02एस या स्पीड कंट्रोलरमध्ये लिपोसाठीचा कटऑफ, म्हणजे बॅटरी फार उतरण्याआधी वीज तोडणारी सोय, नाही, म्हणून लिपो वापरायची तर वेगळा अलार्म लावावा किंवा कंट्रोलर बदलावा. यांतील अनेक चेसिसमधली बॅटरीची जागा जुन्या पॅकच्या गोल कडांनुसार केलेली आहे. चौकोनी टोकांची लिपो तिच्यात बसत नाही, हेही मापून बघावे.

टिनाच्या छपराखालच्या खोलीत दुपारी लिपो ठेवू नये आणि ती भरलेली तर मुळीच ठेवू नये. मातीच्या भिंतीच्या थंड खोलीत, धातूच्या डब्यात, प्रति सेल सुमारे 3.8 व्होल्टवर ठेवावी. एप्रिल-मे मध्ये गाडी सकाळी आठच्या आत किंवा सूर्य कलल्यावर चालवावी, आणि एक बॅटरी संपल्यावर मोटर हात लावण्याइतकी निवाल्यावरच दुसरी लावावी.

लाईन नसताना चार्जिंग कसे करावे?

बाजारातील बरेच बॅलन्स चार्जर, म्हणजे बॅटरीचा प्रत्येक सेल सारखा भरणारे चार्जर, 12 व्होल्ट डीसीवरही चालतात. घरच्या इन्व्हर्टरची किंवा ट्रॅक्टरची बॅटरी त्यासाठी पुरते. चार्जर घेताना त्यावर डीसी इनपुट लिहिलेले आहे याची खात्री करावी, जोडताना लाल-काळी तार तपासावी आणि चार्जिंग चालू असताना तिथून उठून जाऊ नये.

बेअरिंग लगेच बदलावेत का?

हो. एवढी एक सुधारणा मी जोडणीच्या वेळीच करायला सांगतो. किटसोबत अनेकदा बेअरिंगऐवजी प्लास्टिकचे बुश, म्हणजे साध्या कड्या, येतात. काळ्या मातीची धूळ पिठासारखी बारीक असते, ती बुशमध्ये ग्रीसशी मिसळली की घासणारी लुगदी होते आणि चाक डुगडुगू लागते. हॉर्नेट आणि ग्रासहॉपरला 5 मिलिमीटर आतल्या आणि 11 मिलिमीटर बाहेरच्या व्यासाचे बेअरिंग लागतात. रबरी सील असलेले घ्यावेत. गिअरबॉक्स बंद केल्यावर तेच बदलायला पुन्हा सगळे उघडावे लागते, म्हणून ते आधीच हाताशी असू द्यावेत.

जोडताना सर्वांत अधिक काळजी कुठे घ्यावी?

डिफरन्शियलमध्ये, म्हणजे दोन्ही बाजूंच्या चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणाऱ्या गिअरांच्या जोडात. लहान तिरपे गिअर त्यांच्या दांड्यावर बसवून, दातांना सोबत आलेले ग्रीस पातळ लावून झाकण बंद केल्यावर घाईने पुढच्या पानावर जाऊ नये. गिअरबॉक्स हातात धरून मुख्य गिअर बोटाने रोखावा आणि एका बाजूचा दांडा फिरवावा. दुसऱ्या बाजूचा दांडा उलट दिशेने, तितक्याच सहजतेने फिरला पाहिजे. मध्येच अडकल्यासारखे वाटले तर एखाद्या गिअरवर भाग कापताना राहिलेला प्लास्टिकचा बारीक कंगोरा असतो. तो ब्लेडने तासून पुन्हा बसवावा. मोटर आणि पिनियन बसवताना कागदाची एक पट्टी दातांमध्ये धरून अंतर ठरवता येते, मात्र हॉर्नेटसारख्या गाडीत मोटरची जागा ठरलेलीच असते.

स्क्रू ड्रायव्हर कोणता वापरावा?

टामियाचे स्क्रू जपानी मानकाच्या खाचेचे असतात. सायकलच्या दुकानातला साधा फिलिप्स ड्रायव्हर त्यात पूर्ण बसत नाही, वर सरकतो आणि खाच खातो. जपानी मानकाचा दोन नंबरचा एक चांगला ड्रायव्हर घेतला तर तो जन्मभर पुरतो. प्लास्टिकमध्ये जाणारा स्क्रू टेकला की थांबावे, आणखी अर्धा वेढा दिला तर आटी मरते. थ्रेडलॉक, म्हणजे स्क्रू ढिला होऊ न देणारा द्रव, फक्त धातूच्या नट-बोल्टला लावावे, कारण ते एबीएस आणि पॉलिकार्बोनेटला चिरा पाडते.

बॉडी कशी रंगवावी?

पॉलिकार्बोनेट बॉडी आतून रंगवतात आणि त्यासाठी टामियाचे पीएस मालिकेतील रंग आहेत. कठीण प्लास्टिकची बॉडी बाहेरून टीएस मालिकेतील रंगाने रंगवतात. ही अदलाबदल केली तर रंग एकतर पापुद्रे होऊन निघतो किंवा प्लास्टिक बिघडवतो. पारदर्शक बॉडी भांड्याच्या साबणाने धुऊन वाळवावी, गडद रंग आधी आणि फिका नंतर द्यावा, बाहेरची संरक्षक फिल्म अगदी शेवटी काढावी. पावसाळ्यात दमट हवेत फवारणी करू नये. ऑक्टोबर उलटल्यावर सोयाबीन निघून घरात जरा निवांतपणा आला की सकाळच्या कोरड्या हवेत हे काम चांगले होते.

पावसाळ्यात गाडी चालवता येईल का?

काळ्या मातीत नाही. ओली चिकण माती चाकाला गुंडाळत जाते, चाक आणि आर्म यांच्यातली जागा भरून टाकते, मग मोटर अडते, तापते आणि शेवटी स्पीड कंट्रोलर जळतो. पाऊस उघडून दोन दिवस ऊन पडले तर मुरमावर चालवावी. भंडारा-गोंदियाकडच्या धानाच्या बांध्यांत चिखलणीनंतर तर गाडी नेऊच नये. हे चार महिने गाडी पूर्ण उकलून, जुने ग्रीस पुसून, झिजलेले भाग बघून त्यांची यादी करण्यासाठी वापरावेत. पोळ्यापर्यंत भाग घरी येतात आणि मैदान कोरडे होते तेव्हा गाडी तयार असते.

किट न जोडता तसेच ठेवले तर पुढे किंमत वाढेल का?

त्या हिशेबाने घेऊ नये. कंपनी ही किटे मागणीनुसार पुन्हा पुन्हा काढते, त्यामुळे टंचाई कायम राहत नाही, आणि आपल्या उष्णतेत टायर व स्टिकर खोक्यातही जुने होत जातात. किट आले की पहिल्याच आठवड्यात सूचनापुस्तिकेतील यादीप्रमाणे पिशव्या मोजाव्यात, काही कमी असेल तर विक्रेत्याला लगेच फोटो पाठवावा, आणि स्क्रूच्या पिशव्या अ, ब, क अशा अक्षरांनुसार वेगवेगळ्या वाट्यांत उघडून जोडणीला बसावे.